बाळंतिणीच्या खोलीतलं इन्सुलिन

बाळंतपणात वार पडली की इन्सुलिनचा हिशेब त्याच दिवशी बदलतो. गरोदरपणात वारेतून आईच्या रक्तात जी हार्मोन्स उतरतात ती इन्सुलिनला धड काम करू देत नाहीत. त्यामुळे टाइप 1 मधुमेह असलेल्या बाईचा डोस सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत दुप्पट होतो, कधी त्याच्याही वर जातो. वार बाहेर आली की हा अडसर काही तासांतच सरतो. मग नवव्या महिन्यात जो डोस बेताचा होता, तोच बाळंतपणाच्या रात्री बाईला बेशुद्ध करू शकतो.

आकड्यांत सांगायचं तर असं. दिवस जाण्याआधी रोज 36 युनिट लागत होती, नवव्या महिन्यात 80 झाली. प्रसूतीनंतर परत 36 वर यायचं, एवढंच पुष्कळांच्या डोक्यात असतं. पण अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले काही आठवडे त्याहूनही कमी पुरतं, साधारण पंचवीस ते चाळीस टक्क्यांनी कमी. म्हणजे या बाईला 22 ते 27 युनिट. नेमका आकडा तिचे डॉक्टर ठरवतील. मात्र तो ठरवायला त्यांना गरोदरपणाआधीचा डोस माहीत असावा लागतो, आणि बाळंतपणाला मुंबईहून कोकणात माहेरी आलेल्या मुलीच्या फाइलमध्ये बहुधा तेवढाच कागद नसतो. आठवा महिना लागताच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं: कुठलं इन्सुलिन, दिवस जाण्याआधी किती, आता किती.

हा लेख टाइप 1 असलेल्या बायकांसाठी आहे, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही आणि ज्यांना ते जन्मभर टोचून घ्यावं लागतं. फक्त गरोदरपणात शुगर वाढलेल्या बायकांचं बहुतेक वेळा बाळंतपणानंतर औषध थांबतं. त्यांनी सहा ते बारा आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी चुकवू नये, म्हणजे झालं.

दूध आणि शुगर

अंगावर पाजताना शुगर का उतरते? आईच्या दुधात दर 100 मिलीला सुमारे 7 ग्रॅम साखर असते, लॅक्टोज नावाची. ती स्तनात तयार होते आणि तिचा कच्चा माल आईच्या रक्तातलं ग्लुकोज. पूर्ण अंगावर पिणारं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. म्हणजे पन्नासेक ग्रॅम साखर रोज आईच्या रक्तातून उचलली जाते, आणि ती उचलायला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. शिवाय दूध बनवायला दिवसाला 500 कॅलरी वेगळ्या खर्च होतात. दिवसा हे जेवणाखाण्यात भरून निघतं. रात्री दोन वाजता, जेवणाला पाच तास होऊन गेलेले असताना, भरून निघत नाही.

म्हणून रात्रीच्या पाजण्याआधी बोट टोचून पाहावं, निदान पहिला महिनाभर तरी. 100 च्या खाली आकडा असेल तर आधी थोडं खाऊन मग बाळाला घ्यावं. 70 च्या खाली असेल तर ती लो शुगर, आणि 54 च्या खाली गेली की मेंदू गोंधळायला लागतो. लो शुगरची खूण म्हणजे थरथर, घाम, छातीत धडधड. गंमत अशी की बाळंतिणीला घाम तसाही येतो, झोप नसल्यानं हातपाय तसेही कापतात. ‘थकवा असेल’ म्हणून सोडून द्यायची चूक इथेच होते. शंका आली की टोचून पाहावं.

उशाशी एक डबा असावा, झाकण एका हातानं उघडेल असा, कारण दुसऱ्या हातात बाळ असतं. आत ग्लुकोमीटर, स्ट्रिपची बाटली, ग्लुकोज पावडरच्या तीन-तीन चमच्यांच्या पुड्या (पाच-सहा तरी), पाण्याची छोटी बाटली आणि एक लाडू. पुड्या आधीच बांधून ठेवायच्या, कारण शुगर 50 असताना चमचे मोजता येत नाहीत. तीन चहाचे चमचे म्हणजे सुमारे 15 ग्रॅम. ते पाण्यात ढवळून प्यायचं, पंधरा मिनिटांनी परत टोचायचं, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. शुगर वर आली की मग लाडू.

हा क्रम उलटा करू नये. लाडवात तूप आणि खोबरं असतं. ती स्निग्धता पोटातून साखर पुढे सरकू देत नाही, त्यामुळे लाडू खाऊन अर्धा तास वाट पाहत बसावं लागतं. दुधाचंही तेच. खडीसाखर चघळायला वेळ जातो. शहाळं तर आपल्याकडे सगळ्यावरचं औषध, पण त्याच्या पाण्यात 100 मिलीला चारेक ग्रॅमच साखर असते. एका शहाळ्यात दहा-बारा ग्रॅम निघेल, तेही शहाळं किती कोवळं त्यावर. रात्री दोनला ते सोलणार कोण, हा प्रश्न वेगळाच. साखर घातलेलं कोकम सरबत चालतं.

आणि सगळ्यात आधी, पुडी फोडायच्याही आधी, बाळाला खाली ठेवायचं. पाळण्यात, नाहीतर गोधडीवर. ते रडलं तर रडू द्यावं. दहा मिनिटं रडल्यानं बाळाचं काही बिघडत नाही. हात सैल पडून ते खाली पडलं तर बिघडतं.

खोलीत रात्री जी कोणी सोबतीला झोपते, आई, मामी किंवा सासू, तिला तीन गोष्टी येत असाव्यात: ग्लुकोमीटर लावणं, पुडी पाण्यात कालवून पाजणं, आणि बाळंतीण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तिला कुशीवर वळवून 108 ला फोन करणं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. नवरा मुंबईला असेल तर त्याला हे माहीत असून उपयोग नाही, खोलीतल्या बाईला माहीत हवं.

इन्सुलिन दुधातून बाळाला जाईल ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. इन्सुलिन हे प्रथिन आहे. मधुमेह नसलेल्या आईच्या दुधातही ते थोडं असतंच, आणि बाळाच्या पोटात ते पचून जातं.

जन्मानंतरचे दोन दिवस

मधुमेही आईच्या बाळाची शुगर जन्मल्यावर खाली जाऊ शकते. पोटात त्याला आईकडून भरपूर साखर मिळत होती, ती जिरवायला त्याचं स्वतःचं इन्सुलिन जोरात चालू होतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र काही तास तसंच चालू राहतं. म्हणून दवाखान्यात पहिल्या दिवशी बाळाच्या टाचेतून वारंवार रक्त घेतात. आजीला ते पाहवत नाही, पण ते लागतंच.

यावर पहिला उपाय चीक. जन्मल्यापासून तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावावं. नंतर दोन-तीन तासांहून जास्त वेळ जाऊ देऊ नये. गाईच्या चिकाचा खरवस घरोघरी चवीनं खाणारे आपण, आईचा चीक मात्र अजून कुठेकुठे ‘घट्ट आहे, पिवळा आहे’ म्हणून पिळून टाकला जातो. बोटावर मध चाटवण्याची पद्धतही इथे सोडावी. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

टाइप 1 असलेल्या आईला भरून दूध यायला इतरांपेक्षा साधारण एक दिवस जास्त लागतो. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं नाही म्हणून घरात कुजबुज सुरू होते आणि वरच्या दुधाचा डबा येतो. त्या दिवशी फक्त जास्त वेळा पाजायला घ्यावं, आणि बाळाचं वजन व शूचे लंगोट मोजावेत. वजन घसरतच असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं वरचं द्यावं.

न्हाणं, चोळणं, शेक

आपल्याकडच्या बाळंतपणात ही तीन कामं ठरलेली. मधुमेहासाठी ती बंद करायची गरज नाही, वेळा बदलल्या की पुरे.

इन्सुलिन कातडीखालच्या चरबीतून हळूहळू रक्तात शिरतं. त्या जागी गरम पाणी पडलं किंवा ती जागा चोळली की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि हळूहळू शिरायचं इन्सुलिन भराभर शिरतं. सकाळी सातला मांडीत टोचलं, साडेसातला चोळणारी बाई आली, तिनं तीच मांडी खोबरेल लावून अर्धा तास चोळली, मग न्हाणीत चुलाणावरचं कढत पाणी. साडेआठला बाळंतीण भिंतीला टेकून घाम पुसतेय आणि घरातले म्हणताहेत, ‘शेक चांगला लागला हो.’ शेक लागलेला नसतो, शुगर पडलेली असते.

क्रम असा ठेवावा: आधी चोळणं, मग न्हाणं, मग शुगर तपासणं, मग इन्सुलिन, मग न्याहारी. रात्रीचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन ज्या जागी टोचलं ती जागा सकाळी चोळायला देऊ नये. न्हाणीघराला आतून कडी लावू नये. सिझर झालं असेल तर पोटाऐवजी मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा दंडाच्या मागे टोचता येतं. एकाच जागी रोज टोचलं की तिथे गाठ होते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, त्यामुळे रोज दोन बोटं सरकून टोचावं.

शेगडीचा शेक घेताना दोन गोष्टी जपाव्यात. जुना मधुमेह असेल तर पावलांना चटका कळत नाही आणि फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही. निखारे किती तापलेत ते दुसरीनं हात धरून पाहावं. आणि निखारे घेऊन दारं-खिडक्या लावून बसू नये. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो.

पेज, लाडू आणि मोरी

मधुमेह आहे म्हणून बाळंतिणीला उपाशी ठेवणं हे तिच्या शुगरसाठी लाडवांच्या डब्याइतकंच वाईट. तिला पोटभर जेवण हवं, फक्त प्रत्येक पदार्थात कर्बोदकं किती हे माहीत हवं, म्हणजे त्यावर इन्सुलिन बेतता येतं.

एक मूठ, म्हणजे 40 ग्रॅम तांदळाची पेज केली की तीसेक ग्रॅम कर्बोदकं आली, मग पेज कितीही पातळ असो. शिजवलेल्या भाताच्या वाटीत, म्हणजे 100 ग्रॅम भातात, 28. पन्नास ग्रॅम पिठाच्या तांदळाच्या भाकरीत 40. मऊ आटवलेला भात आणि पेज फार लवकर पचतात, शुगर सरळ वर जाते. सोबत कुळथाची पिठी, अंडं किंवा मासळी असली की चढ सौम्य होतो. उकड्या तांदळाची पेज त्यातल्या त्यात बरी.

लाडवांचं गणित घरीच करता येतं, आणि ते लाडू वळायच्या दिवशीच करावं. डिंकाच्या लाडवांना अर्धा किलो गूळ आणि 200 ग्रॅम खारीक घेतली आणि चाळीस लाडू झाले, तर एका लाडवात साडेबारा ग्रॅम गूळ आणि पाच ग्रॅम खारीक. म्हणजे सुमारे 16 ग्रॅम कर्बोदकं. खोबरं, खसखस, डिंक यांचा हिशेब फारसा धरावा लागत नाही. त्याच गुळाचे पंचवीस मोठे लाडू वळले तर आकडा 25 च्या पुढे जातो. म्हणून लाडू सगळे सारखे आणि लिंबाएवढे वळायचे. लाडवातली साखर हळू चढते, त्यामुळे झोपताना किंवा रात्रीच्या पाजण्याआधी शुगर 100 च्या आसपास असेल तर तो अगदी योग्य खाऊ. गूळ साखरेपेक्षा ‘चालतो’ हा समज चुकीचा आहे, रक्तात दोघांचा परिणाम एकच. आंबा वर्ज्य नाही. मध्यम हापूसच्या गरात वीसेक ग्रॅम कर्बोदकं धरावीत आणि तो जेवणातल्या भाताच्या जागी खावा. मात्र आंबा किंवा गूळ हाताळून तसंच बोट टोचलं तर मशीन 300 दाखवतं. हात साबणानं धुवून पुसून मगच टोचावं.

दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला मोरी द्यायची पद्धत किनाऱ्यावर सगळीकडे आहे. मोरी, म्हणजेच मुशी, ही शार्कच. शार्क जितका मोठा तितका त्याच्या अंगात पारा जास्त साठतो, आणि तो दुधातून बाळाकडे जातो. पाजणाऱ्या आईनं मोठी मुशी खाऊ नये. तारली, बांगडा, मुडदुशे, मांदेली यांतून प्रथिनं तेवढीच मिळतात.

जेवणाच्या वेळेचा घोळ मात्र खऱ्या त्रासाचा. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं. ते घेतलं, पान वाढलं, आणि बाळ उठलं. पाजून, ढेकर काढून, लंगोट बदलून ती पानावर येते तेव्हा तास उलटलेला असतो. बाळ उठायच्या बेतात असेल तर आधी त्याला पाजावं, नंतर टोचावं. टोचून झाल्यावर बाळ उठलंच तर मांडीवर घेऊन पाजता पाजता तिला कोणीतरी भरवावं, यात लाजायचं काही नाही. अॅस्पार्टसारखं झटपट इन्सुलिन पान समोर आल्यावर घेतलं तरी चालतं. ते परवडत असेल तर डॉक्टरांना विचारून या काळापुरतं तरी घ्यावं.

झोप मोडल्यामुळे ‘घेतलं की नाही’ हे आठवत नाही. टोचल्याबरोबर भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत खूण करावी. खूण नाही आणि आठवतही नाही, तर दुसऱ्यांदा टोचायच्या आधी शुगर पाहावी.

दमट हवा आणि गेलेली वीज

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. उघडलेली बाटली किंवा पेन 30 अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलं असतं, म्हणून बर्फाच्या कप्प्यापासून ते लांब, फ्रिजच्या दारातल्या फळीवर ठेवावं.

वीज नसेल तर मडक्यात ठेवा, असं सगळे सांगतात. देशावर हे चांगलं चालतं. मडकं थंड होतं ते बाहेरच्या अंगावरून पाणी उडून जातं म्हणून, आणि पाणी उडायला हवा कोरडी लागते. आपल्याकडची हवा आधीच पाण्यानं भरलेली, त्यामुळे मडक्यातला गारवा दोन-चार अंशांवर अडतो. चालू बाटलीला तेवढं पुरतं, महिनाभराच्या साठ्याला नाही. खरी पंचाईत भर पावसात होत नाही, तेव्हा खोलीच 26-27 अंशांवर असते. ती होते एप्रिल-मेमध्ये, उन्हाळा, वळवाचा वारा आणि गेलेली वीज एकत्र आली की, त्यात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी. इन्सुलिन त्या खोलीत ठेवूच नये. वीज गेल्यावर फ्रिज उघडला नाही तर तीन-चार तास थंडावा राहतो. त्यानंतर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ, त्यावर जाड फडकं, त्यावर प्लास्टिकच्या डबीत बाटल्या. बर्फ बाटलीला टेकता कामा नये. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. अशा वेळी साठा शहरातल्या नातेवाइकाच्या फ्रिजमध्ये पाठवून आठवड्यापुरतंच घरी ठेवणं शहाणपणाचं. उन्हानं बिघडलेलं इन्सुलिन दिसायला पूर्वीसारखंच असू शकतं. डोस तोच, जेवण तेच आणि शुगर चढतेय, तर नवी बाटली फोडावी.

दमट हवेत स्ट्रिपही बिघडतात. एक काढली की बाटलीचं झाकण लगेच टक् होईपर्यंत लावावं. स्ट्रिप फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

आणि सिरिंज. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा दर मिलीला 40 युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं मिलीला 100 युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. पेन बिघडलं म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजनं 10 च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात 25 युनिट जातात, अडीचपट. रात्री तालुक्याचं दुकान बंद असताना ही चूक होते. एक जादा पेन घरात असावं.

कधी थांबायचं नाही

उलट्या होताहेत, काही खाल्लं नाही, मग इन्सुलिन कशाला, हा विचार जीवघेणा आहे. टाइप 1 मध्ये दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचं नसतं. ते बंद झालं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोनचं आम्ल साठतं. पाजणाऱ्या आईत हे लवकर होतं, शुगर 200 च्या आसपास असतानाही होऊ शकतं. उलट्या, पोटात दुखणं, खोल जोराचा श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास: यातलं काही दिसलं की लघवीतले कीटोन पट्टीनं तपासावेत आणि पट्टी नसेल तर सरळ निघावं. दाभोळच्या बाजूला राहणाऱ्यांना खाडीपलीकडे गुहागर तालुका समोर दिसतो, पण रात्री फेरीबोट बंद झाली की चिपळूणचा वळसा पडतो. उजाडायची वाट न पाहता कुठे जायचं आणि गाडी कुणाची, हे आधी ठरलेलं असावं.

ताप आणि एका स्तनात लाल, दुखरी गाठ असेल तर संसर्ग आहे. शुगर चढेल, इन्सुलिन वाढवावं लागेल, औषध घ्यावं लागेल, आणि त्या बाजूनं पाजणं चालूच ठेवायचं. निप्पलची आग होत असेल आणि बाळाच्या तोंडात न पुसणारे पांढरे डाग असतील तर ती बुरशी. औषध दोघांनाही घ्यावं लागतं, नाहीतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. त्या मुख्यतः बाळासाठी येतात, पण आईच्या शुगरची वहीही त्यांच्यासमोर ठेवावी. तिसऱ्या महिन्यात टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्यावी. टाइप 1 असलेल्यांना बाळंतपणानंतर थायरॉइडचा त्रास जास्त होतो, आणि केस गळणं, थकवा, चिडचिड हे सगळं बाळंतपणावर ढकललं जातं. वर्षाच्या आत डोळ्याच्या पडद्याचीही तपासणी करावी, कारण गरोदरपणात तो बिघडलेला असू शकतो.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या बाटलीत टाकाव्यात. बाटली पाऊण भरली की चिकटपट्टीनं बंद करून उपकेंद्रात नेऊन द्यावी. घरामागच्या खड्ड्यात किंवा माडाच्या आळ्यात टाकल्या तर पावसानं माती वाहून जाते, सुया वर येतात, आणि बागेत सगळे अनवाणीच फिरतात.